किनोकावाकाठचा वसंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही शाळेच्या सायकल-तळावर पावसाळी कोट घडी करीत उभे होतो. ‘परदेशी असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपले अनुभव लिहून पाठवावेत, यशाचे चार शब्द असावेत, म्हणजे आजच्या मुलांना उमेद येईल,’ अशी सूचना होती. यशाचे चार शब्द आम्ही दोन आठवडे शोधले. जे सापडले ते वसंत ऋतूतील साध्या दिवसांचे होते, आणि त्यांपैकी काही यशाचे मुळीच नव्हते. संपादकांनी ते गोड मानून घ्यावेत. लेखात सर्वत्र ‘आम्ही’ आले आहे, तेही कुणी आदरार्थी समजू नये. वसतिगृहाच्या एका दालनात चाळीस जणांसह सात वर्षे काढलेल्या माणसाच्या तोंडी ‘मी’ सहजासहजी येत नाही, एवढेच त्याचे कारण.

जपानच्या वाकायामा प्रांतातून किनोकावा नावाची नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातील एका लहान गावी आम्ही इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक आहोत. आठवड्यातील तीन दिवस माध्यमिक शाळा आणि दोन दिवस दोन प्राथमिक शाळा, असा आमचा फेरा सायकलवरून चालतो. परदेशी साहाय्यक शिक्षक नेमण्याची सरकारी योजना जपानने १९८७ साली सुरू केली. पुढे २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि आमच्यासारख्यांची गरज वाढली. आम्ही सरकारी योजनेतून नव्हे, एका खासगी संस्थेमार्फत आलो. त्यामुळे आमचा करार दर मार्चअखेर संपतो, आणि पुढच्या वर्षी आपण कोठे असू हे फुले उमलू लागेपर्यंत ठाऊक नसते.

जपानी वसंताविषयी आपल्याकडे साकुराची छायाचित्रे तेवढी पोहोचतात. आमच्या खोऱ्यात साकुराआधी प्लमचा बहर येतो, आणि साकुराच्या बरोबरीने नदीकाठच्या बागांतून पीच फुलतो. हा पीच म्हणजे येथील शेतकऱ्यांची भाकरी. फुले पाहायला शहरांतून माणसे येतात. शेतकरी मात्र त्याआधीच फांद्यांवरच्या निम्म्याहून अधिक कळ्या खुडून टाकण्याच्या कामी लागलेला असतो, कारण सगळ्या ठेवल्या तर फळ लहान राहते. नंतर काठीला बांधलेल्या पिसांच्या झुपक्याने एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावीत तो झाडाझाडाखाली फिरतो. आमचे कितीतरी विद्यार्थी रविवारी हेच काम करतात आणि सोमवारी वर्गात डुलक्या घेतात. त्यांना आम्ही कधी उठवीत नाही. सोयाबीनच्या काढणीनंतरचे आमचे सोमवार आम्हांला आठवतात.

या ऋतूची दुसरी बाजू नाकाने कळते. युद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर सुगी नावाच्या झाडांनी लावले गेले. त्यांचा पराग फेब्रुवारी-मार्चमध्ये वाऱ्यावर येतो आणि अर्धा शिक्षककक्ष शिंकू लागतो. पहिल्या वर्षी आम्ही या शिंकांना हसलो, दुसऱ्या वर्षी स्वतःच मुखपट्टी लावून बसलो.

शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपते. दीक्षान्त समारंभ व्यायामशाळेत होतो. तेथे उबेची सोय नसते आणि मार्चची थंडी अजून गेलेली नसते. मुले काळ्या गणवेशात ताठ बसतात, एकेकाचे नाव पुकारले की ‘हाइ’ म्हणून उभी राहतात. या एका अक्षरासाठी आठ-आठ दिवस सराव झालेला असतो. आमच्या शाळेच्या प्रांगणात प्रजासत्ताकदिनाचे संचलन बसविताना कवायतीचे गुरुजी ज्या कारणासाठी रागावत, नेमक्या त्याच कारणासाठी येथील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक रागावताना पाहून आम्हांला घरी आल्यासारखे वाटले.

त्याच मार्चमध्ये, म्हणजे आमच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, एका पालकाने शाळेला एक प्रश्न विचारला. इंग्रजी शिकवायला इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा देशातील माणूस का नाही? आम्हांला हे कळविण्याचे काम ज्यांच्याबरोबर आम्ही वर्ग घेत असू त्या जपानी बाईंवर आले. त्या वीस मिनिटे हवामानाविषयी बोलल्या, मग एकदम मान खाली घालून क्षमा मागू लागल्या. आम्ही ‘हरकत नाही’ म्हणालो. हरकत होती. प्रश्न अपमानाचा नव्हता, पण तो आमचाच प्रश्न होता, आणि तो आम्ही वर्षानुवर्षे दाबून ठेवलेला होता. आमचे इंग्रजी कोठून आले? अभ्यासिकेतल्या टेबलाला सुतळीने बांधलेल्या एका शब्दकोशातून, आणि रात्री जेवणानंतर जुने इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावणाऱ्या गुरुजींकडून. त्या गुरुजींनी स्वतः कधी इंग्रज पाहिलेला नव्हता. शब्द अडला की ते म्हणत, ‘पुढे चला, अर्थ मागून येईल.’ गावी आमच्या घरात पाटीवर पहिले अक्षर काढणारे आमचे वडील. अशा इंग्रजीने परक्या देशातील मुलांसमोर उभे राहण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे त्या पालकाने नुसते उच्चारून दाखविले.

मग आम्ही एक मूर्खपणा केला. खोलीतल्या आरशासमोर उभे राहून अमेरिकन बातमीदारांचे उच्चार घोटू लागलो. ओठ गोल करणे, जीभ आत वळविणे, शब्दांचे शेवट गिळणे, असे तीन आठवडे चालले. एके दिवशी दुसऱ्या इयत्तेतला एक मुलगा तास संपल्यावर जवळ आला आणि अत्यंत अदबीने जपानीत म्हणाला, “सेन्सेई, हल्ली आपले बोलणे मला कळत नाही. पूर्वी कळत असे.” त्या संध्याकाळपासून आरसा दाढीपुरता उरला.

त्या पालकाला काय उत्तर गेले ते आम्हांला नीटसे कळले नाही. एवढे मात्र कळले की बाईंनी मुख्याध्यापकांना दोन पानी पत्र लिहिले होते, आणि आमचा करार पुढे चालू राहिला. पण वसंत येथे एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो. मार्चच्या अखेरीस शिक्षकांच्या बदल्या जाहीर होतात. त्यांची यादी स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते आणि गावातील आजीबाईदेखील ती बोट फिरवीत वाचतात. त्या यादीत बाईंचे नाव होते. एका आठवड्यात त्यांनी खण रिकामा केला, निरोपसमारंभात व्यासपीठावरून तीन वाक्ये बोलल्या आणि दीड तासाच्या अंतरावरील शाळेत रुजू झाल्या. त्यांची खुर्ची दोन दिवस रिकामी होती. तिसऱ्या दिवशी तेथे नवे गृहस्थ बसले होते आणि आम्हांला वाकून नमस्कार करीत होते. आपल्याकडे बदली झालेल्या शिक्षकाला वेशीपर्यंत पोहोचवायला गाव जाते. येथे कुणी रडले नाही. सफाईच्या वेळी मात्र त्यांच्या वर्गातील मुलींनी त्यांचे टेबल दोनदा पुसले.

एप्रिलची आठ तारीख आमच्या मनात दोन कारणांनी राहिली आहे. त्या दिवशी सकाळी नव्या मुलांचा प्रवेशसमारंभ होता, आणि जपानमध्ये हाच दिवस भगवान बुद्धांच्या जन्माचा म्हणून पाळतात. आपली वैशाख पौर्णिमा येथे नाही. चांद्र पंचांग सोडताना जपान्यांनी तिथ्यांऐवजी इंग्रजी तारखा धरल्या. त्या दिवसाला ‘हनामात्सुरी’, म्हणजे फुलांचा उत्सव, म्हणतात. समारंभ आटोपून परतताना गावातल्या मंदिराच्या दाराशी आम्ही सायकल थांबविली. फुलांनी मढविलेला एक छोटा मांडव, त्यात एका पात्रात उभी असलेली वीतभर उंचीची बालमूर्ती. तिचा उजवा हात आकाशाकडे आणि डावा भूमीकडे. येणारा प्रत्येक जण पळीने तिच्या मस्तकावर गोड चहा ओततो. हा चहा एका जातीच्या हायड्रेंजियाच्या पानांचा करतात, त्यात साखर नसते, तरी तो गोड लागतो. आम्ही पळी घेतली आणि सवयीने त्रिशरण पुटपुटलो. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी ते ऐकले.

“सेन्सेई ओशाकासामांच्या देशातले ना?” त्यांनी विचारले. शाक्यमुनींना येथील माणसे असे प्रेमाने म्हणतात. “म्हणजे तुमच्या घरी हे सगळे अडीच हजार वर्षांपासून चालत आले असेल.”

आमचे जपानी तेव्हा बाजारहाट करण्यापुरते होते. त्यात आम्ही सांगितले की, नाही, आमच्या घरी आजोबांपासून. १९५६ च्या ऑक्टोबरात आमचे आजोबा नागपूरला गेले, आणि लाखो माणसांबरोबर बाबासाहेबांच्या मुखातून दीक्षा घेऊन परतले. त्याआधी आमच्या माणसांना देवळाच्या पायरीवर उभे राहता येत नसे. बाईंनी पळी पात्रात ठेवली. “मग मधली वर्षे ओशाकासामा कोठे होते?” त्यांनी विचारले. हा प्रश्न इतका साधा होता की त्याला आम्हांला कोणत्याच भाषेत उत्तर सुचले नाही. लेण्यांत होते, असे म्हणता आले असते. चीनमध्ये, तुमच्याकडे होते, असेही म्हणता आले असते. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी कागदी पेल्यात चहा भरून आम्हांला दिला. पुढच्या आठवड्यात आमच्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार बांबूचे कोंब ठेवलेले सापडले. ते कसे शिजवावेत हे आम्हांला माहीत नव्हते. भाताचा कोंडा घालून उकळावे लागतात, हे पहिले दोन वाया गेल्यावर समजले.

पालकवर्गाला येथील दिनक्रमाविषयी उत्सुकता असेल म्हणून दोन गोष्टी सविस्तर सांगतो. दुपारचे जेवण वर्गातच होते. पाळीची मुले पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून स्वयंपाकघरातून पातेली आणतात आणि सर्वांना वाढतात. शिक्षकही तेच जेवतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक ताट खाऊन पाहतात, ते अन्न निर्दोष असल्याची खात्री म्हणून. (आमचे अधीक्षक गुरुजी भाजीची पहिली वाटी स्वतः चाखत, त्यामागचे कारण आम्हांला चौतीसाव्या वर्षी जपानात उमगले. तेव्हा आम्ही त्यांना खादाड म्हणत असू.) ‘इतादाकिमास’ म्हटल्याशिवाय कुणी घास घेत नाही. ‘नम्रपणे स्वीकारतो’ असा त्याचा ढोबळ अर्थ.

दुसरी गोष्ट सफाईची. दररोज पंधरा-वीस मिनिटे संगीत लागते, आणि मुले वर्ग, जिने, न्हाणीघरे, शौचालये स्वतः साफ करतात. डॉक्टरांची मुलगी आणि पीचवाल्याचा मुलगा एकाच फरशीवर ओणवे होऊन फडके मारीत धावतात. आम्हीही मारतो. आपल्या शाळेतील सकाळचे श्रमदान ज्यांना आठवते त्यांना यात नवल वाटणार नाही. पण आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेर झाडू कोणाच्या हाती दिला जातो हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच पहिल्या वर्षी आम्ही भारावून शिक्षककक्षात म्हणालो, की तुमच्या देशात कामावरून कुणी हलका ठरत नाही.

समाजशास्त्राचे वयस्कर शिक्षक तेव्हा काही बोलले नाहीत. एका शनिवारी त्यांनी आम्हांला आपल्या गाडीतून शेजारच्या नारा प्रांतातील गोसे या गावी नेले. तेथे सुइहेइशाचे संग्रहालय आहे. जनावरे सोलणे, कातडी कमावणे असली कामे करणाऱ्या जमातींना जपानने शतकानुशतके वस्तीबाहेर ठेवले होते. १८७१ साली कायद्याने तो भेद मिटला, व्यवहारात मिटला नाही. तेव्हा ३ मार्च १९२२ रोजी या लोकांनी क्योतोला सभा भरवून सुइहेइशा, म्हणजे समपातळी करणाऱ्यांची संघटना, स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे याच गावच्या बौद्ध मठात जन्मलेले. महाडचे तळे पाच वर्षांनी. आम्ही काचेतल्या त्या कागदापुढे बराच वेळ उभे होतो. परतताना गुरुजी रस्त्याकडे पाहत म्हणाले, “लग्न ठरविताना मुलीचे मूळ गाव विचारणारी माणसे अजून आहेत. सफाई सगळेच करतात. ते वेगळे, आणि हे वेगळे.” त्यानंतर आम्ही जपानविषयी भारावून बोलणे कमी केले. त्यामुळे देशावरचा आमचा लोभ कमी झाला नाही, उलट परकेपणा थोडा कमी झाला.

१४ एप्रिलला येथे कामाचा दिवस असतो. पहाटे खोलीत वंदना केली, बाबासाहेबांच्या फोटोपुढे पीचची एक डहाळी ठेवली आणि सायकल काढली. नव्या वर्गाला आमची ओळख करून देण्याचा तास त्याच दिवशी होता. फळ्यावर भारताचा नकाशा काढला. मुलांनी विचारायचे ते विचारले. रोज कढी-मसाला खाता का, हत्ती आहे का, किती अंशांपर्यंत ऊन पडते. पंचेचाळीस म्हटल्यावर सगळा वर्ग एका सुरात ओरडला. फोटोतला निळ्या कोटातला चष्मेवाला कोण, असे एका मुलीने विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, ‘ज्यांच्यामुळे आमच्या हाती पुस्तक आले ते.’ इंग्रजीत हे वाक्य फार सोपे होते. मुलांनी ते वहीत उतरून घेतले, कारण त्यात नुकताच शिकविलेला एक शब्द आला होता.

महिनाअखेरीस सलग सुट्ट्या येतात. त्या काळात आम्ही कोयासानला गेलो. डोंगरमाथ्यावर सुमारे आठशे मीटर उंचीवर वसलेले हे मठांचे गाव कुकाई या भिक्षूने नवव्या शतकात स्थापन केले. खाली खोऱ्यात पाकळ्या गळून नवी पाने आली होती, वर मात्र साकुरा नुकता फुलला होता. तेथील विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २०१५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. आम्ही गेलो तेव्हा तेथे दुसरे कुणी नव्हते. झाडीतून उगुइसु पक्षी ओरडत होता. त्याच्या शिळेत जपानी माणसांना ‘होक्केक्यो’, म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राचे नाव, ऐकू येते. आम्हांला प्रयत्न करूनही शीळच ऐकू आली. जय भीम म्हटले, ते जरा मोठ्यानेच.

पुढे देवदारांसारख्या उंच झाडांखाली दोन लाखांहून अधिक समाध्यांचे स्मशान आहे. दगडी स्तूपांवर सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे कोरलेली दिसतात. ही लिपी भारतातून सूत्रांबरोबर येथे आली. आज आपल्याकडे ती कुणी लिहीत नाही. एका दगडावरच्या पाच अक्षरांपैकी आम्हांला ‘र’ आणि ‘व’ ओळखू आल्यासारखे वाटले. मग ‘अ’ही. शेजारून जाणाऱ्या एका प्रवाशाला काय वाटले असेल कोण जाणे, आम्ही बोटाने ते दगडावर गिरवीत होतो.

या अक्षरांचा उपयोग मे महिन्यात अनपेक्षितपणे झाला. नव्या वर्गात एका मुलाचे नाव यादीत होते, पादत्राणांच्या कप्प्यात त्याचे पांढरे शाळेतले जोडेही होते, मुलगा मात्र प्रवेशसमारंभानंतर आला नव्हता. शाळेत येऊच न शकणारी अशी मुले येथे बरीच आहेत. त्यांना आळशी समजण्याची चूक आम्ही पहिल्या वर्षी केली होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो येऊ लागला, पण वर्गात नव्हे, परिचारिकाबाईंच्या खोलीत. दर गुरुवारी चौथ्या तासाला आम्ही त्याला इंग्रजी शिकवावे असे ठरले. पहिल्या दिवशी तो खिडकीबाहेर पाहत राहिला. बाहेर भातखाचरांत पाणी सोडलेले होते आणि बेडकांचा गोंगाट चालला होता. दुसऱ्या गुरुवारीही तेच. इंग्रजीचे कार्ड दाखविले की त्याचे खांदे आवळत.

तिसऱ्या वेळी आम्ही कार्डे दप्तरातच ठेवली. कागदावर जपानी वर्णांची ओळ लिहिली: अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तिच्याखाली आपली बाराखडीची ओळ लिहिली. जपानी वर्णांचा हा क्रम संस्कृत शिकणाऱ्या भिक्षूंच्या अभ्यासातून आला आहे. ‘हा’च्या ओळीचा उच्चार फार पूर्वी ‘पा’ होता असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात, तो मानला की दोन्ही ओळी जवळजवळ एकमेकींवर बसतात. हे सगळे आम्ही त्याला मोडक्या जपानीत सांगितले. त्याने पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीतून दुसरीकडे रेघा ओढल्या. मग आम्ही सांगितले की तुमच्या भाषेत प्रश्नाच्या शेवटी ‘का’ येतो, आमच्याही भाषेत ‘का’च येतो. ‘सेन्सेई देसु का’, ‘शिक्षक आहात का’. त्याने पहिल्यांदाच आमच्याकडे पाहिले. परिचारिकाबाई थर्मामीटर पुसता पुसता थांबल्या होत्या.

उरलेला तास त्याने देवनागरीत स्वतःचे नाव लिहिण्यात घालविला. शिरोरेघ त्याला फार आवडली. ती तो पट्टीने ओढत असे. इंग्रजीचा एकही शब्द त्या दिवशी झाला नाही, आणि नोंदवहीत काय लिहावे असा आम्हांला प्रश्न पडला. शेवटी ‘अक्षरओळख’ असे लिहिले, ते खोटे नव्हते. घंटा झाली तेव्हा त्याने कागद दुमडून खिशात ठेवला आणि विचारले, “उद्या येणार का?” प्रश्न जपानीत होता, शेवटचे अक्षर मात्र त्याने मुद्दाम लांबवून आपल्यासारखे म्हटले.

दुसऱ्या दिवशी आमची पाळी प्राथमिक शाळेत होती. आम्ही म्हणालो, “उद्या नाही. सोमवारी या इमारतीत असतो, पण तुझा तास गुरुवारी.” त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बोट ठेवून दिवस मोजले. सोमवारी पाऊस होता. मधल्या सुट्टीत आम्ही परिचारिकाबाईंच्या खोलीच्या दारावरून गेलो, तेव्हा बाहेर त्याचे पांढरे जोडे व्यवस्थित जोडून ठेवलेले होते. आत गेलो नाही. शिक्षककक्षात येऊन बाराखडीचा पुढचा कागद तयार करायला बसलो.